रहीम मास्तरांचा वर्ग

३१ जुलै १९४८. लंडनच्या पूर्वेला इल्फर्ड नावाचे उपनगर, तिथले क्रिकलफील्ड मैदान, आणि कडेने दाटीवाटीने उभे राहिलेले सतरा हजारांच्या आसपास प्रेक्षक. एका बाजूला फ्रान्सचा संघ. दुसऱ्या बाजूने जे अकरा जण उतरले त्यांतले बहुतेक अनवाणी. काहींनी पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा हा पहिला ऑलिंपिक सामना.

त्या दिवशी कुंभार पिंपळगाव भारतात नव्हते.

गोदावरीच्या उत्तरेचे हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. तेव्हा तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद आणि वर निजामाचे हैदराबाद राज्य. रझाकारांच्या दहशतीचा तो काळ. भारतीय फौजा आत शिरल्या आणि निजाम शरण आला तो १७ सप्टेंबरला, इल्फर्डच्या सामन्यानंतर ४८ दिवसांनी. म्हणजे भारताचा फुटबॉल संघ आधी ऑलिंपिक खेळला, मराठवाडा भारतात त्यानंतर आला.

ऊस, कापूस आणि मोसंबीच्या या मुलखात फुटबॉलचे नाव निघाले तर ते टीव्हीवरच्या मेस्सी-रोनाल्डोपुरते. इथल्या अंगणातले खेळ कुस्ती, कबड्डी आणि अर्थातच क्रिकेट. शेजारचे जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, त्यामुळे बलोपासनेचा वारसा सांगायला तोटा नाही. पण त्यात चेंडूला लाथ मारणे बसत नाही. फुटबॉल म्हणजे कोलकात्याचा, गोव्याचा, फार तर कोल्हापूरच्या तालमींचा खेळ, असा सर्वसाधारण समज. गंमत अशी की भारताच्या राष्ट्रीय संघाचा सर्वांत चांगला काळ ज्या शहराने घडवला, ते हैदराबाद त्या काळाच्या पूर्वार्धात कुंभार पिंपळगावचीच राजधानी होते. कोर्टकज्जा असो, कॉलेज असो की सरकारी नोकरी, माणसे जालन्याहून मीटरगेजच्या गाडीत बसून तिकडेच जात.

इल्फर्डला भारत १-२ असा हरला. सारंगपाणी रामनने बरोबरीचा गोल केला होता, पण शैलेन मन्ना आणि महावीर प्रसाद यांच्या पायातून दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी अखेरीस फ्रान्सने विजयी गोल केला. कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले, पुढे डॉक्टर झालेले तालिमेरेन आओ. हरूनही संघाचे कौतुक झाले. मन्नांच्या पायांत पोलाद तर नाही ना, हे इंग्लंडच्या राजाने विजार वर करायला लावून पाहिले, अशी आख्यायिकाही चिकटली. या कौतुकाने एक घोटाळा मात्र करून ठेवला. भारतीय फुटबॉलची सगळी गोष्ट अनवाणी पायांची गोष्ट होऊन बसली.

तिचा सर्वांत मोठा बळी म्हणजे १९५० चा विश्वचषक. पात्रता गटातल्या बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता ब्राझीलचे दार उघडले होते. गटही ठरला होता: इटली, स्वीडन, पॅराग्वे. भारत गेलाच नाही. अनवाणी खेळायला परवानगी मिळाली नाही म्हणून गेला नाही, हे उत्तर आजही सर्रास ऐकू येते. ते खरे कारण नव्हे. प्रवास लांबचा होता आणि महागाचा होता, पण खर्चाचा बराच भार उचलायला यजमान तयार होते. मुळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला ती स्पर्धा तेवढी मोलाची वाटली नाही. त्या काळी आपल्याकडे खेळांचा कुंभमेळा एकच, ऑलिंपिक. विश्वचषक म्हणजे काय हे पुढे दहा-पंधरा वर्षांनी लक्षात आले, तोवर पात्रता आपसूक मिळण्याचे दिवस संपले होते.

आता हैदराबादकडे. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, तिथलेच पदवीधर. मराठवाड्यातली मुलेही त्या काळी पदवीसाठी बऱ्याचदा उस्मानियाचाच रस्ता धरत. रहीम पेशाने शाळामास्तर. काचिगुडा, चादरघाट अशा शाळांतून शिकवत त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि १९४३ पासून हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिवपद सांभाळले. २०२४ मध्ये अजय देवगणच्या ‘मैदान’ या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघर पोचले. चित्रपटाने सिगारेट ओढणारा जिद्दी प्रशिक्षक दाखवला. तो खराच आहे. पण रहीम यांचे वेगळेपण त्यांच्यातल्या मास्तरात होते.

मुलांसाठी त्यांनी भरवलेल्या स्पर्धा पाहा. एक स्पर्धा अशी की चेंडू फक्त कमजोर पायानेच मारायचा. उजव्या पायाच्या मुलाने डावा, डावऱ्याने उजवा. दुसरी अशी की चेंडू पायाशी घोळवत न्यायचाच नाही; आला की दिला. वरवर हे पोरखेळ वाटतात. पण ज्याचे दोन्ही पाय चालतात त्याला चेंडू मिळाल्यावर वळायला वेळ लागत नाही, आणि ज्याला चेंडू ठेवून घ्यायची मुभा नाही त्याला चेंडू येण्याआधीच मान वर करून साथीदार हेरावा लागतो. भारतीय खेळाडूची त्या काळची खोड नेमकी उलटी होती: चेंडू आला की त्याच्यावर जीव जडायचा, दोघातिघांना चकवून टाळ्या घ्यायच्या आणि चौथ्याच्या पायात तो गमवायचा. शरीराने दणकट युरोपीय संघांपुढे ही नजाकत टिकत नाही. चेंडू वेगाने फिरला तर अंगमेहनत समोरच्याची होते, आपली नाही, हे रहीम यांचे साधे गणित होते.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस हा संघ त्यांच्या हाती आला. त्याची पहिली ओळख महाराष्ट्राला झाली ती मुंबईत. रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा; गोऱ्या पलटणींनी सुरू केलेली, आणि कूपरेजच्या मैदानाशी तिचे नाव जोडले गेलेले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा करंडक हैदराबादच्या पोलिसांनी नेला. कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगाल या मातब्बरांना न जुमानता दख्खनच्या एका पोलीस खात्याच्या संघाने मुंबईत येऊन पाच वर्षे सत्ता गाजवावी, हे आजच्या क्रिकेटवेड्या मुंबईला सांगितले तरी खरे वाटायचे नाही.

राष्ट्रीय संघाची सूत्रेही रहीम यांच्याकडे आली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांच्याशी प्रत्येकी ३-० आणि अंतिम सामन्यात इराणवर १-०. साहू मेवालालने गोल केला, प्रेक्षकांत पंतप्रधान नेहरू होते, आणि भारताला आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधले पहिले सुवर्णपदक मिळाले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दात घशात गेले. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे झोडपले. थंडी, ओलसर हिरवळ आणि पुन्हा बहुतेकांचे उघडे पाय. अहमद खानचा एक गोल सोडला तर सांगण्यासारखे काही नव्हते. या पराभवाने महासंघाचे डोळे उघडले आणि बूट सक्तीचे झाले. अनवाणी पायांची कहाणी इथे संपली. गौरवाचा मोठा भाग त्यानंतरचा आहे, बुटांतला.

१९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ हरवून जगाला धक्का दिला. त्यांची युक्ती अशी: आघाडीचा मधला खेळाडू पुढे गोलाजवळ न थांबता मागे सरकायचा. त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू गोंधळायचा. त्याच्यामागे जावे तर पाठीमागे खिंडार, न जावे तर तो मोकळा. रहीम यांनी ही कल्पना बारकाईने अभ्यासली, आपल्या संघांतही वापरली. पुढे चार बचावात, दोन मध्यात, चार आघाडीवर अशी रचना ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात गाजवली, तिच्याशी भारतीय खेळाडूंची ओळख त्याच सुमारास हैदराबादच्या या मास्तरांनी करून दिली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. हैदराबाद राज्य मोडले. तेलुगू जिल्हे आंध्रात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. कुंभार पिंपळगावची राजधानी बदलली. हैदराबादचा फुटबॉल हैदराबादेतच राहिला. पोलीस संघ, शाळांच्या स्पर्धा, रहीम यांच्या हाताखाली तयार झालेली पोरे, सगळे सीमेपलीकडे. मराठवाड्याने निजामी राजवटीतून कागदपत्रांची उर्दू, खानावळीतला खिमा आणि बोलण्यातले कितीतरी शब्द सोबत आणले, पण हा खेळ काही वाट्याला आला नाही. सुटकेचा आनंद एवढा मोठा होता की त्याची कुणाला चुटपूटही लागली नसेल.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले.

त्या संघात बलराम, झुल्फिकार, अझीझ, नूर महंमद, अहमद हुसेन असे हैदराबादचे खेळाडू होते. सामना गाजवला मात्र मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबच्या नेव्हिल डिसोझाने. जन्म गोव्यातल्या आसगावचा, १९३२ चा. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे ज्या गावी हा मुलगा जन्मला ते गावही त्या दिवशी भारतात नव्हते, आणि तो खेळत होता भारताकडून. नेव्हिलने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चौथा गोल जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूचा. निकाल नशिबाचा असेल असे म्हणणाऱ्यांना लवकरच उत्तर मिळाले. १२ डिसेंबरला सिडनीत भारताने ऑस्ट्रेलियाला पुन्हा गाठले आणि ७-१ असे हरवले.

पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढची चाल मिळाली होती. त्याच शरदात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर. नेव्हिलने पहिला गोल मारून भारताला आघाडीही दिली. ती मिनिट-दोन मिनिटेच टिकली आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३. चौथा क्रमांक; ऑलिंपिकमधली ही भारतीय फुटबॉलची सर्वोच्च पायरी. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत होता. १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो गेला. आज मुंबईत दहा जणांना हे नाव विचारून पाहावे. दहापैकी एकाने ओळखले तरी खूप.

१९६० च्या रोममध्ये भारताने हंगेरीशी १-२ अशी झुंज दिली, फ्रान्सला १-१ असे रोखले आणि पेरूकडून १-३ असा हरला. भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये दिसला तो तेव्हा शेवटचा.

मग जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धा, १९६२. रहीम यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. स्पर्धेची सुरुवातही वाईट झाली. दक्षिण कोरियाकडून ०-२. थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नैलसिंग डोक्याला टाके घेऊन बाहेर आला. जपानवर २-० अशी मात करून संघ उपांत्य फेरीत पोचला. इथे मास्तरांनी अजब चाल खेळली. टाके घातलेल्या माणसाला बचावात चेंडूशी डोके भिडवायला लावणे धोक्याचे, म्हणून त्यांनी जर्नैललाच आघाडीला पाठवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ विजयात त्याने गोल केला.

मैदानाबाहेर वातावरण पेटले होते. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानला प्रवेश नाकारला होता, त्यावर भारताचे क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली आणि जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. बसमधून जाताना पगडीमुळे ओळखू येणाऱ्या जर्नैलला खाली बसवून न्यावे लागले, अशी आठवण खेळाडूंनी पुढे सांगितली. ४ सप्टेंबरला सेनायान स्टेडियमवर अंतिम सामना, समोर तोच कोरिया, आणि सगळे स्टेडियम विरोधात. पी. के. बॅनर्जींनी सतराव्या मिनिटाला आणि जर्नैलसिंगने तीनच मिनिटांनी गोल केला. कोरियाला अखेरच्या टप्प्यात एकच परतवता आला. २-१, सुवर्ण. कर्णधार चुनी गोस्वामी. मध्यफळीत कोलवाळचा, टाटांकडूनच खेळणारा फोर्तुनातो फ्रँको. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. फ्रँको २०२१ मध्ये निवर्तला.

रहीम ११ जून १९६३ रोजी गेले. पुढची काही वर्षे गाडी उतारावर आपोआप धावावी तशी धावली. १९६४ च्या आशिया चषकात चार संघांत उपविजेतेपद, १९७० मध्ये बँकॉकला जपानला १-० हरवून कांस्य. त्यानंतर आशियाई स्पर्धांतले पदक नाही.

असे का झाले, याचे उत्तर शोधताना जपानकडे पाहणे उद्बोधक ठरते. १९६० मध्ये जपानने डेटमार क्रॅमर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावले. त्याने खेळाडू तर घडवलेच, प्रशिक्षक घडवले, आणि कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय लीग काढायला लावली. ती १९६५ मध्ये सुरू झाली. १९६२ मध्ये भारताकडून २-० ने हरलेल्या जपानने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. आपल्याकडे देशांतर्गत सामने बराच काळ सत्तर मिनिटांचे राहिले; नव्वद मिनिटांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत दम उखडणार नाही तर काय? राष्ट्रीय लीग यायला १९९६ उजाडले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत पहिल्यांदा खेळला १९८५ मध्ये, ब्राझीलला पाठ दाखवल्यानंतर पस्तीस वर्षांनी. रहीम यांनी हैदराबादेत जी शाळा चालवली तिच्या शाखा कुणी काढल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकात गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर हा गोलरक्षक एकट्याच्या हातांवर अनेक पराभव सुसह्य करत राहिला. त्याने देशाचे नेतृत्व केले. पण गोलरक्षकाचे नाव सर्वाधिक गाजावे, यातच संघाची अवस्था कळते. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिफाच्या क्रमवारीत ९४ वे स्थान, मार्च २०१५ मध्ये १७३ वे.

या पडत्या काळावर एका माणसाने आपली सही उमटवली. सुनील छेत्री २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना खेळला, त्यात गोल केला, आणि पुढे देशासाठी नव्वदहून अधिक गोल करून जगातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत जाऊन बसला. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर त्याने तैवानविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडून ध्वनिचित्रफीत टाकली: शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध, भर पावसात, तिकिटे संपली होती. तो त्याचा शंभरावा सामना.

आशिया चषकात २०११ ला तिन्ही सामने हरलो, २०१९ ला थायलंडवर ४-१ असा झकास विजय मिळाला, २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये मुंबईकर राहुल भेकेसह उतरलेल्या संघाला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरने १-२ असे हरवले आणि पुढच्या आशिया चषकाचे दारही बंद झाले. उलट मुलींनी त्याच वर्षी जुलैत थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून २०२६ च्या महिला आशिया चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे पोचण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

विश्वचषक या शब्दाला भारताचे पाय लागले ते २०१७ मध्ये, यजमान म्हणून आणि सतरा वर्षांखालील मुलांच्या रूपाने. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. दुसऱ्याच मिनिटाला कोलंबियाने विजयी गोल केला, ती गोष्ट वेगळी.

त्या स्पर्धेआधी महाराष्ट्र सरकारने ‘मिशन वन मिलियन’ नावाचा घाट घातला होता. राज्यातल्या दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांतून चेंडू पोचले. गोलखांब नव्हते तिथे विटा ठेवल्या, बूट नव्हते तिथे चपला काढून पोरे धावली. तारीख होती १५ सप्टेंबर. दोन दिवसांनी मराठवाड्यातल्या शाळांमध्ये तीच मुले पुन्हा मैदानात रांगेने उभी होती, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनासाठी, आणि चेंडू मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात होते.